झॅक ईडीची फाइल: एका सेंटरच्या मूल्यमापनाच्या नोंदी

2 एप्रिल 2024

सरांनी काम लावलं. बास्केटबॉल क्लबमधल्या नव्या प्रशिक्षकांना स्काउटिंग रिपोर्ट, म्हणजे खेळाडूचं मूल्यमापन, कसा लिहितात ते दाखवायचंय, त्यासाठी एक नमुना हवा. अटी दोनच. खेळाडू कॉलेजचा आणि पिवटच हवा (रिंगजवळ खेळणाऱ्या उंच खेळाडूला, म्हणजे सेंटरला, सर अजून पिवटच म्हणतात), आणि रिपोर्ट एका पानात बसला पाहिजे. "उंच पोरगा दिसला की आपले लोक एकतर हरखून जातात, नाहीतर 'हा पळत नाही' म्हणून सोडून देतात. मधलं कुणी लिहीत नाही. तू लिही."

खेळाडू शोधायला लांब जावं लागलं नाही. परवा डेट्रॉइटला अमेरिकेच्या कॉलेज स्पर्धेत परड्यूने टेनेसीला 72-66 हरवलं आणि 1980 नंतर पहिल्यांदाच फायनल फोर, म्हणजे उपांत्य फेरी, गाठली. त्यातले 40 पॉइंट एकट्या झॅक ईडीचे, वर 16 रीबाउंड (चुकलेल्या शॉटनंतर पकडलेले बॉल). समोर टेनेसीच्या डाल्टन नेक्टने 37 मारले आणि अगदी शेवटी तो रिंगकडे घुसला तेव्हा ब्लॉक करायला ईडीच उभा होता.

फोनवर नाव सांगितलं तर सर म्हणाले, "ईडी? आपल्याकडे हे नाव मोठ्याने घेऊ नकोस." पण होकार मिळाला.

3 एप्रिल

आधी कुंडली. टोरांटोचा मुलगा, जन्म 2002. कॉलेजच्या नोंदीत उंची 7 फूट 4 इंच, वजन 300 पौंड. दहावीच्या वयापर्यंत आइस हॉकी आणि बेसबॉल खेळत होता, बास्केटबॉल त्यानंतर. अमेरिकेतल्या कॉलेज भरतीच्या क्रमवारीत तो 400 च्याही खाली होता. म्हणजे बहुतेकांनी उंची बघूनही त्याला गंभीरपणे घेतलं नव्हतं. इंडियानातल्या परड्यूचे प्रशिक्षक मॅट पेंटर यांनी घेतलं. गेल्या वर्षी हा अमेरिकेतला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू ठरला आणि यंदाही ठरणार असं सगळे म्हणतायत. लागोपाठ दोनदा हा मान याआधी मिळाला तो राल्फ सॅम्पसनला, ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला. तोही 7 फूट 4 इंचच.

चार मोसमांची सरासरी मांडली. पॉइंट: 8.7, 14.4, 22.3 आणि यंदा 25 च्या आसपास. वाचणाऱ्याला वाटतं, पोरगा दरवर्षी धावा काढायला शिकला, म्हणजे बास्केट करायला. पण शेजारी मिनिटं लिहिली की चित्र बदलतं. पहिल्या वर्षी सामन्याला 15 मिनिटांच्या आत, दुसऱ्या वर्षी 19, मग एकदम 32 च्या घरात. हिशेब 40 मिनिटांवर आणला तर पॉइंट येतात साधारण 24, 30, 28, 31. दुसऱ्या वर्षापासून आकडा जवळजवळ तिथेच आहे. म्हणजे बास्केट करणं त्याला तेव्हाच येत होतं. नंतरच्या दोन वर्षांत त्याने कमावलं ते मैदानावर टिकून राहणं: 300 पौंडांचं शरीर 32 मिनिटं पळवायचं आणि ती मिनिटं फाउलच्या भानगडीत न पडता काढायची.

बलस्थानांच्या रकान्यात पहिली ओळ मी ही लिहिली: "टिकतो." उंची नाही लिहिली. ती सगळ्यांना दिसतेच.

5 एप्रिल

दिवसभर व्हिडिओ. पोस्टमधलं, म्हणजे रिंगजवळ तिच्याकडे पाठ करून खेळतानाचं, त्याचं काम बॉल येण्याच्या कितीतरी आधी सुरू होतं, आणि आपल्याकडे नेमकं हेच कुणी शिकवत नाही.

नेहमीचा प्रसंग असा. परड्यूचा गार्ड ब्रेडन स्मिथ बॉल घेऊन मध्यरेषा ओलांडतो, तेव्हा ईडी रमतगमत येतोय असं वाटतं. प्रत्यक्षात तो बचाव करणाऱ्याच्या पुढच्या पायापाशी आपला पाय रोवतो, कंबर खाली घेतो आणि पाठीने त्याला रिंगच्या दिशेने एक-दोन पावलं सरकवतो. मग एक हात वर. पास त्या हाताच्या उंचीवर येतो, म्हणजे मैदानावरच्या बाकी नऊ जणांच्या आवाक्याबाहेर. बॉल पकडल्यावर तो खाली आणतच नाही. हनुवटीच्याही वर धरतो, वळतो, उजव्या हाताचा हुक (डोक्यावरून एका हाताने टाकलेला शॉट). ड्रिबल कधी एक, बरेचदा शून्य. गार्डला खाली झडप घालून बॉल काढायची संधीच मिळत नाही. आपल्या उंच पोरांचे अर्धे बॉल तिथेच जातात, छातीपाशी आणल्यावर.

क्लिप कापताना मी प्रत्येक वेळी व्हिडिओ पास सुटण्याच्या क्षणी थांबवला आणि ईडीचे पाय रिंगपासून किती लांब आहेत ते पाहिलं. पाय पेंटच्या, म्हणजे रिंगसमोरच्या आखलेल्या चौकोनाच्या, कडेच्या आत असले तर पुढचं बघायची गरज नाही. दोन पावलं बाहेर ढकलला गेला असेल तर तोच हुक अवघड होतो, कारण तेवढ्यात मदतीला दुसरा येऊन पोचतो. नेमबाजी चांगली की वाईट हा प्रश्न इथे दुय्यम आहे. जागा मिळाली का, एवढंच.

सरांना क्लिप पाठवल्या. उत्तर: "पाय बघितलेस ते बरं केलंस."

7 एप्रिल

सकाळी सेमीफायनलचा निकाल: परड्यू 63, एनसी स्टेट 50. ईडी 20 पॉइंट आणि 12 रीबाउंड. पुढे जातो, कारण आज मला हरलेला सामना बघायचा होता.

17 मार्च 2023, ओहायोतलं कोलंबस. परड्यू पहिलं मानांकन, समोर गटातलं शेवटचं, सोळावं मानांकन असलेली फेअरली डिकिन्सन (एफडीयू). एफडीयू मुख्य फेरीत आली तीच प्राथमिक सामना जिंकून, आणि डिव्हिजन वनच्या, म्हणजे कॉलेजच्या सर्वोच्च गटाच्या, 363 संघांमध्ये सरासरी उंचीने सगळ्यात बुटकी. निकाल 63-58, एफडीयू. सोळाव्या मानांकनाने पहिल्याला हरवण्याची पुरुषांच्या स्पर्धेतली ही दुसरीच वेळ. पहिली 2018 ची, यूएमबीसीने व्हर्जिनियाला हरवलं ती.

आकडे वाचून वाटतं ईडी चांगला खेळला: 21 पॉइंट, 15 रीबाउंड. पण त्याने शॉट घेतले फक्त 11. एफडीयूने एक माणूस त्याच्या पुढे उभा केला, एक मागे, आणि वरून गार्डवर इतका दाब ठेवला की आत पास टाकायला शांतपणे उभं राहायची सोयच नव्हती. बॉल बाहेरच फिरत राहिला. परड्यूने तीन पॉइंटचे 26 प्रयत्न केले, आत गेले 5. सव्वीस प्रयत्नांत पंधरा पॉइंट.

सामन्यानंतर सगळीकडे एकच निष्कर्ष होता: ईडी थांबवता येतो. मला तसं दिसत नाही. एफडीयूने ईडीला थांबवलं नाही, ईडीकडे येणारी वाट बंद केली आणि बाकीच्यांना म्हणाले, मारा बाबांनो. त्यांनी मारले आणि चुकले. त्या मोसमात परड्यूचा तीन पॉइंटचा टक्का 32 च्या आसपास होता, तेव्हा जुगार शहाणपणाचा होता. पण होता जुगारच.

रिपोर्टच्या दृष्टीने यातलं नेमकं काय ईडीच्या खात्यात जातं? डबल आल्यावर, म्हणजे एकाऐवजी दोघे अंगावर आल्यावर, बॉल बाहेर देण्याचा वेग. तेव्हाच्या क्लिपमध्ये तो एक ठोका उशीर करतो. आधी दुसरा माणूस आलाय याची खात्री करून घेतो, मग देतो. यंदाच्या क्लिपमध्ये दुसरा निघतानाच त्याची मान वळलेली असते. हा फरक एका वर्षाचा आहे आणि तो लिहायला हवा.

9 एप्रिल

अंतिम सामना आपल्याकडे सकाळी सातच्या सुमाराला. यूकॉन (कनेक्टिकट विद्यापीठ) 75, परड्यू 60. ईडी 37 पॉइंट, 10 रीबाउंड, 25 पैकी 15 शॉट आत. बाकीच्या सगळ्या परड्यूचे मिळून 23.

एफडीयूच्या अगदी उलट. यूकॉनने डबल पाठवलाच नाही म्हटलं तरी चालेल. 7 फूट 2 इंचांचा डॉनोव्हन क्लिंगन एकटा मागे, आणि उरलेले चौघे आपापल्या शूटरला चिकटून. यूकॉनचे प्रशिक्षक डॅन हर्ली यांचा हिशेब उघड होता: ईडीला घेऊ देत काय घ्यायचं ते, बाहेरच्यांना श्वास घेऊ द्यायचा नाही. यंदा परड्यू तीन पॉइंटचे 40 टक्के मारत आली होती, देशात अगदी वरच्या रांगेत. आज त्यांना प्रयत्नच मिळाले 7. आत गेला 1.

मध्यंतराला 36-30 होते, सामना जिवंत वाटत होता. दुसऱ्या हाफमध्ये ईडी बास्केट करतच होता आणि अंतर वाढतच होतं. असं बघायला विचित्र वाटतं.

10 एप्रिल

हिशेब करत बसलो, कारण एक गोष्ट पटत नव्हती. ईडीने 25 शॉटमध्ये 30 पॉइंट केले, म्हणजे प्रत्येक शॉटमागे 1.2. तीन पॉइंटचा शॉट 40 टक्क्यांनी मारला तरी त्याचीही किंमत 1.2 च. मग यूकॉनने एक दिलं आणि दुसरं नाकारलं, यात फायदा कसला?

दोन-तीन कारणं दिसतात. पोस्टचा शॉट मोजला जातो तो सुटला तर. त्याआधी धक्काबुक्की, पास आत टाकण्याची खटपट, घड्याळाची निम्म्याहून जास्त सेकंदं आणि मधेच हुकलेला एखादा पास, हे त्या 1.2 मध्ये कुठेच नाही. दुसरं, डबल आला की त्यातून एकच शॉट निघत नाही. बॉल बाहेर जातो, बचाव धावत सुटतो, मग रीबाउंडला ईडीसमोर चुकीचा माणूस अडकतो. डबलच नाही म्हटल्यावर ही पुढची साखळी सुरूच होत नाही. आणि तिसरं, ज्याला प्रत्येक वेळी क्लिंगनला ढकलत आत जायचंय त्यालाच परत जाऊन दुसऱ्या टोकाला रिंग राखायची आहे.

सरांना हे सांगितलं. ते जरा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे तुझ्या रकान्यात 'डबल टीममध्ये अडकतो' लिहिलंयस ते काढ. यंदा त्याला डबल करणं महागात पडत होतं. ज्याच्याकडे एकट्याने उभा राहणारा पिवट आहे त्यालाच तो स्वस्त पडतो. तसे पिवट कॉलेजात किती?"

कॉलेजात फार नाहीत. एनबीएमध्ये, अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये, जास्त आहेत. तोच खरा प्रश्न आहे.

14 एप्रिल

फ्रीथ्रो, म्हणजे फाउलनंतर मिळणारे एकेका पॉइंटचे मोकळे शॉट. छोटी नोंद. यंदा टक्का 71, आणि सामन्याला 11 च्या आसपास प्रयत्न. दोन फ्रीथ्रोंची किंमत 1.42 पॉइंट, म्हणजे त्याला फाउल करून थांबवणं हा त्याच्या शॉटपेक्षाही महाग सौदा. उंच माणसांत हे दुर्मीळ. टेनेसीविरुद्ध मात्र 22 पैकी 14 च, दमल्यावर हात खाली येतो असं वाटलं. एका सामन्यावरून लिहिणार नाही.

20 एप्रिल

बचाव. इथे वेळ जास्त लागला, कारण आकड्यांत फार काही सापडत नाही.

सामन्याला दोनाहून जास्त ब्लॉक आहेत, पण महत्त्वाचे आहेत ते न घेतलेले शॉट. गार्ड आत घुसतो, ईडीला बघतो आणि बॉल परत बाहेर देतो. हे कुठल्याच तक्त्यात येत नाही. उडी त्याला लागतच नाही, हात वर केला की भागतं, त्यामुळे फाउलही कमी.

दुसरी बाजू पिक-अँड-रोलमध्ये उघडी पडते, म्हणजे समोरचा एक खेळाडू आडवा उभा राहून (स्क्रीन) आपल्या गार्डला वाट मोकळी करून देतो तेव्हा. परड्यू त्याला ड्रॉपमध्ये ठेवते: स्क्रीन लागली तरी ईडी वर येत नाही, मागे पेंटमध्येच थांबतो. मग स्क्रीनवरून निघालेल्या गार्डला 12 ते 15 फुटांवर मोकळी जागा मिळते. ज्या गार्डला चालत्या पायावर थांबून मारता येतं त्याच्यासाठी हे ताट वाढून ठेवल्यासारखंच. अंतिम सामन्यात यूकॉनच्या ट्रिस्टन न्यूटनने 20 पॉइंट केले, सात-आठ वेळा तरी ती जागा मला स्पष्ट दिसली. ईडीला वर आणलं तर तो चपळ गार्डसमोर उघड्यावर पडतो आणि मागची रिंग रिकामी. म्हणजे प्रशिक्षकाला पर्याय एकच. तो एक चांगला चालतो, पण एकच आहे आणि समोरच्याला तो आधीपासून माहीत असतो.

मर्यादांच्या रकान्यात ही माझी पहिली ओळ. "पळत नाही" असं नाही लिहिलं. तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ रेषेत बरा पळतो. अवघड जातं ते दिशा बदलणं.

27 एप्रिल

आज नियमपुस्तकं शेजारी शेजारी ठेवली. आपल्या प्रशिक्षकांना सगळ्यात उपयोगी पडेल असं पान हेच निघालं.

कॉलेजचा पेंट 12 फूट रुंद, एनबीएचा 16. म्हणजे प्रत्येक बाजूला 2 फुटांचा फरक. ईडी आज जिथे पाय रोवून उभा राहतो तिथे एनबीएमध्ये तीन सेकंदांचं घड्याळ चालू असेल. त्याला 2 फूट बाहेर उभं राहावं लागेल, आणि दोन पावलं बाहेर गेल्यावर काय होतं ते 5 तारखेच्या क्लिपमध्ये आहे. बचावातही तसंच. कॉलेजमध्ये बचाव करणारा पेंटमध्ये हवा तेवढा वेळ थांबू शकतो. एनबीएमध्ये जवळ कुणाला राखत नसेल तर तीन सेकंदांत बाहेर. वर तीन पॉइंटची रेषा एनबीएमध्ये 7.24 मीटरवर, कॉलेजात 6.75, त्यामुळे ड्रॉपमध्ये थांबलेल्या माणसाला बाहेर धावायचं अंतरही वाढतं.

आपण खेळतो ते फीबाच्या, म्हणजे बास्केटबॉलच्या जागतिक संघटनेच्या, नियमांनी. तिथे पेंट एनबीएसारखाच रुंद, 4.9 मीटर, पण बचावाच्या तीन सेकंदांची अट नाही, आणि रेषा कॉलेजइतकीच. म्हणजे आपल्याकडे असा पिवट बचावात कॉलेजइतकाच चालेल आणि हल्ल्यात त्याला जास्त कष्ट पडतील. ईडी स्वतः 2023 च्या विश्वचषकात कांस्य जिंकलेल्या कॅनडाच्या संघात होता, पण खेळायला इतकं कमी मिळालं की त्यावरून काही ठरवता येत नाही.

15 मे

शिकागोच्या कंबाइनमधली (एनबीएच्या ड्राफ्टआधीची, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात त्याआधीची चाचणी) मापं आली. अनवाणी 7 फूट पावणेचार इंच, वजन 299 पौंड, हातांचा पल्ला 7 फूट पावणेअकरा इंच. उभं राहून हात वर केला की 9 फूट 7 इंच. रिंग 10 फुटांवर. उरले पाच इंच.

क्लबमध्ये भिंतीवर खडूने 9 फूट 7 इंचांची खूण करून ठेवली. पोरं उड्या मारून बघतायत.

25 मे

पान पूर्ण. सरांनी दोन वाक्यं कापली, दोन्ही विशेषणांसाठी. निकालाचा परिच्छेद असा राहिला:

"ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत, विसाच्या आत घ्यावा. सामन्याला 20 ते 24 मिनिटं धरून. कॉलेजसारखा त्याच्याभोवती हल्ला रचू नये: पेंट रुंद आहे, समोर त्याच्या मापाची माणसं आहेत. स्क्रीन, आक्रमक रीबाउंड आणि रिंगचं रक्षण, एवढं पहिल्या दिवसापासून मिळेल. ज्या संघाकडे स्क्रीनवरून लढत जाणारे गार्ड आहेत त्यांनाच तो ड्रॉपमध्ये परवडेल. बाहेरून मारत नाही. फ्रीथ्रोचा हात बघता शिकू शकेल."

शेवटच्या वाक्यावर वाद झाला. चार वर्षांत तो जवळजवळ कधीच तीन पॉइंटला गेला नाही, मग हे कशाच्या जोरावर लिहितोस, असं सरांचं म्हणणं. मी 71 टक्क्यांवर बोट ठेवलं. राहू दिलं त्यांनी, पण पेन्सिलीने शेजारी प्रश्नचिन्ह.

27 जून

ड्राफ्ट झाला. क्लिंगन सातवा, पोर्टलंडला. ईडी नववा, मेम्फिसला. पहिल्या दहात जाईल असं ड्राफ्टच्या अंदाजांत फार कुणी धरलेलं नव्हतं. मेम्फिसकडे गार्ड जा मोरंट आहे, जॅरेन जॅक्सन आहे. जॅक्सन बाहेरून मारतो आणि मागून धावत येऊन ब्लॉकही करतो, म्हणजे ईडीच्या दोन्ही उणिवा झाकणारा माणूस शेजारीच. पानात "कुठल्या संघात" हा रकानाच नव्हता. घातला.

22 मे 2025

मोसम संपला, ईडी नवोदितांच्या पहिल्या संघात निवडला गेला. फाइल परत उघडली. 66 सामने, सरासरी 21.5 मिनिटं, 9.2 पॉइंट, 8.3 रीबाउंड. तीन पॉइंट कमीच मारतो, पण तीनातला एक तरी आत जातोय. सरांनी प्रश्नचिन्ह खोडलं नाही, शेजारी "बघू" लिहिलं.

मी पुन्हा तेच केलं, 40 मिनिटांवर आणलं. पॉइंट: कॉलेजच्या शेवटच्या वर्षी 31 च्या वर, इथे 17. जवळजवळ निम्मे गेले. रीबाउंड: कॉलेजात 15.3, इथे 15.4.